अंदाज काढता काढता ऊन गेलं

ताईचं गणित दुपारीच पुरं झालं. पण अधिकृतरीत्या तसं काहीही घडलेलं नाही, तेव्हा हे वाक्य तुम्हीही वाचलेलं नाही.

आमचा महासंगणक छतावरच्या उन्हावर आणि आवारातल्या पवनचक्क्यांवर चालतो. ऊन-वारा असला की गडी कामाला लागतो. नसला की जिथवर पोचला तिथे खूण ठेवून झोपतो, थेट पुस्तकात बोट ठेवून घोरणाऱ्या आमच्या दाजींसारखा. मी त्याचा ऑपरेटर. वादळात पूल किती डोलेल, हे ताईला त्याच्याकडून काढून हवं होतं, तेही संध्याकाळच्या आत. परीक्षकांपुढे उत्तर ठेवलं नाही तर तिची पीएचडी गेलीच.

त्यात साहेबांनी नवा नियम काढला. कुठलंही काम सुरू करण्याआधी, ऊन किती वेळ टिकेल याचा अचूक अंदाज महासंगणकानेच काढायचा. अचूक म्हणजे फारच अचूक. सकाळी लख्ख ऊन पडलं. यंत्राने ते सगळं अंदाजातच खाल्लं आणि ढग आल्यावर अभिमानाने उत्तर दिलं: "ऊन होतं."

"अरे, ते मलाही दिसलं की!" ताई ओरडली.

"तुला दिसलं ते अनधिकृत."

"चष्मा फेकून मारीन हं!"

दुपारी पुन्हा ऊन आलं. साहेब जेवायला गेले होते. मी अंदाज बंद करून थेट पूलच लावला. पडद्यावर पूल असा डोलायला लागला की ताईही खुर्चीत डोलू लागली. शेवटचा टप्पा उरला आणि ढग टपकला. वाराही मेला. मग आम्ही दिसेल ते बंद करत सुटलो. दिवे, पंखे, कॉफीचं यंत्र. तरी वीज जराशी कमीच.

"लिफ्ट!" ताई किंचाळली.

मी खटका ओढला. पूल शेवटचा डोलला, उत्तर आलं, उरलीसुरली वीज संपली. ताईने मला उचलून गरगर फिरवलं आणि उत्तर घेऊन, चपला हातात धरून, जिन्यावरून पळाली.

तेवढ्यात लिफ्टच्या दारामागून आवाज आला. "कोण आहे रे तिकडे?"

साहेब जेवून परतत होते.

"ढग आलाय, साहेब!"

"किती वेळ राहील? अंदाज काय म्हणतो?"

"अंदाज काढायला ऊन नाही, साहेब."

नियम त्यांचाच होता.

"बरोबर आहे," ते आतून म्हणाले. "लिहून घे."

मी लिहून घेतलं:

प्रति, माननीय सूर्य. यापुढे आपण ढगाआड जाण्यापूर्वी किमान तीन दिवस आधी लेखी कळवावे, आणि लिफ्टमध्ये अधिकारी असल्यास जाऊच नये, ही नम्र विनंती.