टोक दातात धर

चौथ्यांदा बॉल रावेरकडच्या गोलकीपरच्या, जामसिंगच्या, पोटात जाऊन बसला, तेव्हा सुकदेवने कमरेवर हात ठेवले आणि मान खाली घातली. बॉल चांगला मारला होता. पायाला ते कळतं. डाव्या खांबाच्या आतून जाणारा बॉल, कोणत्याही दिवशी गोल. आणि हा गडी तिथे आधीच उभा, जणू एसटी स्टँडवर पाहुण्याला घ्यायला आलाय.

"याना घरना याले काय खावाडतस रे?" शेजारून पळणारा पुना धापा टाकत म्हणाला.

सुकदेवला हसू आलं नाही. पंधरा-वीस मिनिटं उरली असतील. गोल कोणाचाच नव्हता. आणि टचलाइनच्या बाहेर, तंबूतल्या लोखंडी खुर्चीवर, दीपनगरचे तायडेसाहेब पाय पसरून बसले होते.

तोताराम तायडे वीज केंद्राच्या फुटबॉल टीमचे मॅनेजर. माणूस साधा. सकाळीच दोन्ही कॉलेजच्या पोरांना गोळा करून त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, की यंदा खेळाडूसाठी नोकरीची एकच जागा आहे, आणि मला काही गावोगाव मॅची पाहत फिरता येत नाही. आज ज्याच्या डोक्यावर फेटा बसेल, त्याचं नाव मी वरच्या साहेबांपुढे ठेवणार. दुसऱ्याचं नाही.

सुकदेवसाठी ही जागा म्हणजे शेवटची गाडी होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला तो दुसऱ्यांदा बसला होता, तोही फुटबॉलसाठीच. धुळ्यापासून जवळच्या गावात वडिलांची पिठाची गिरणी. वडील काही बोलत नसत. पण दिवाळीत त्यांनी गिरणीच्या दाराजवळ दुसरी खुंटी ठोकली होती. एका खुंटीला त्यांचा पीठ लागलेला सदरा, दुसरी रिकामी. ती कोणासाठी हे विचारायची गरज नव्हती. घरी गेलं की सुकदेवचं लक्ष आधी तिकडे जायचं.

आता फेट्याचं सांगायला हवं, कारण असला प्रकार दुसरीकडे नसेल.

ही स्पर्धा सुरू केली दौलतनानांनी. जिनिंगवाले माणूस, जन्म गेला कुस्त्या लावण्यात. म्हातारपणी कोणीतरी डोक्यात भरवलं, की आता कॉलेजची पोरं फुटबॉल खेळतात. नानांनी फुटबॉल आणला, पण रीत आखाड्याचीच ठेवली. कप जिंकणाऱ्या टीमला, आणि मैदानातल्या सगळ्यात चांगल्या गड्याला फेटा. तो गडी कोण, हे पंचांनी ठरवायचं नाही. जिंकलेल्या पोरांनी हात वर करून ठरवायचं. नाना म्हणायचे, मला चष्मा लागतो, कोण कसा खेळला ते खेळणाऱ्यांना ठाऊक. आणि मग स्वतःच्या हाताने फेटा बांधायचे. आजपर्यंत प्रत्येक वर्षी जिंकलेल्या पोरांनी आपल्यातलाच एक पुढे केला होता. आपल्या लग्नात कोणी दुसऱ्याला बाशिंग बांधतं का?

शेवटी गोल झाला, तो असा. पुनाने बॉल उगाच आत ढकलला. रावेरकडच्या टीमचा उंच बॅक तो मारायला धावला, पाय घसरला, बॉल त्याच्या गुडघ्यावर आपटला आणि उलटा फिरून त्याच्याच गोलमध्ये गेला. जामसिंगने दुसऱ्या बाजूला घेतलेली उडी हवेतच वळवायचा प्रयत्न केला. एक बोट बॉलला लागलं. एकच. मग तो जमिनीवर पडला आणि त्या बोटाला दुसऱ्या मुठीत धरून तसाच बसून राहिला.

शिटी झाली. जिंकले.

पोरांनी सुकदेवला उचललं. वरून त्याला सगळं ग्राउंड दिसत होतं. तो उंच बॅक तोंड झाकून रडत होता, आणि जामसिंग त्याच्या पाठीवर थापटत होता, चांगल्या हाताने.

मग जिंकलेली पोरं तंबूपाशी गोल करून बसली. हात वर करायची वेळ. त्यांचा स्वतःचा गोलकीपर धनसिंग लगेच म्हणाला, यात विचारायचं काय, सुकाभाऊ. सगळ्यांनी होहो केलं. फक्त पुना बूट सोडत होता. त्याने मान वर न करता म्हटलं, "खरं सांगू का भो, फेटा त्यासना गोलकीपरले बांधा."

सगळे हसले. पुना हसला नाही.

"हारेल गडीले फेटा?" धनसिंग म्हणाला. "चांगला खेळस तर हारना कसा?"

"जिंकानं बक्षीस तो कप शे ना? तो लिधा आपन. फेटा जो चांगला खेळना त्याले. तू काय बोली राहयना, तू तं बठ्ठी मॅच हरभरा खाई राहिंता."

हे खोटं नव्हतं. धनसिंगच्या खिशात हरभरे कायम असत, आणि आज त्याला दुसरं काम पडलं नव्हतं. पण तो चिडला नाही. तो शांतपणे बोलला, आणि त्यामुळेच ते सगळ्यांना पटलं.

"पुना, तुले कोन लयनं या टीममां? माले कोन लयनं? पहाटे येईसन दार कोन वाजाडे? ही टीम सुकाभाऊनी बनाडी. टीम जिंकनी म्हंजे सुकाभाऊ जिंकना. त्यासना गोलकीपर एकटा चांगला शे. आपना कॅप्टननी अकरा जन चांगला करात."

पुना पुन्हा बुटाच्या नाडीला लागला. ते ऐकून सुकदेवची छाती आधी फुगली. खरंच होतं ते. पुनाला त्याने भाजीबाजारातून ओढून आणलं होतं, धनसिंगला हॉकीतून. पायाला प्लॅस्टर असतानाही तो काठी टेकत प्रॅक्टिसला आला होता. याचं काहीच मोल नाही का? आणि लगेच दुसऱ्या बाजूने मनात यायचं, की आज मैदानात बावीस जण होते, आणि त्यांत सगळ्यात चांगला तो नव्हता.  चार बॉल मारले आणि चारही त्या माणसाच्या पोटात.

हात वर झाले. सुकदेवचा हात मानेवर गेला होता, तिथे घाम खाजत होता. धनसिंगने तोही मोजला. शेवटी पुनानेही अर्धा हात वर केला, बस थांबवताना करतात तसा.

महेंद्रभाऊ पुढे आले. दौलतनानांचे चिरंजीव, सफारी सूट घातलेले. नाना दिवाळीआधीच गेले होते, त्यामुळे यंदा सगळं यांच्याकडे. कप आणला होता, हार आणला होता, फोटोवाला आणला होता. पिशवीतून त्यांनी भगव्या फेट्याचं कापड काढलं, उलगडलं, आणि ते लांब कापड दोन्ही हातांत घेऊन तसेच उभे राहिले. मग त्यांना आठवलं, आणि त्यांच्याबरोबर सगळ्यांनाच आठवलं, की फेटा बांधायचे ते नाना. दुसऱ्या कोणाचा त्याला कधी हातच लागला नव्हता.

धनसिंगने प्रयत्न केला. सुकदेवच्या डोक्यावर जे तयार झालं, ते पाहून कोणीतरी म्हणालं, सिव्हिलमधून सुटी कधी मिळाली? फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. ऊन उतरायला लागलं होतं.

"कोणाला येतं का रे बांधता?" महेंद्रभाऊंनी विचारलं. "आमचे नाना..."

रावेरकडची पोरं लांब बाभळीखाली बसली होती. केळीच्या ज्या ट्रकमधून ती आदल्या संध्याकाळी आली होती, तो मुंबईला माल टाकून परत येताना त्यांना घेणार होता, त्याची वाट पाहत. त्यांच्यातून जामसिंग उठला. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा, आश्रमशाळेत शिकलेला. कपडे झटकत आला आणि म्हणाला, "मला येतो. आमच्याकडे लग्नात मीच बांधतो."

 महेंद्रभाऊंनी सुटल्यासारखं कापड त्याच्या हातात दिलं.

जामसिंगने ते झटकलं, घडी घातली, सुकदेवच्या समोर उभा राहिला. सुकदेवपेक्षा बुटका होता. त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट सुजून निळं झालं होतं.

सुकदेवच्या तोंडात वाक्य तयार होतं. एवढंच म्हणायचं होतं, हा तुझा आहे, स्वतःला बांध. सगळ्यांसमोर, तायडेसाहेबांसमोर. पुनाने त्याच्याकडे पाहिलं. सुकदेवने तोंड उघडलं.

"हां, असंच," जामसिंग म्हणाला, आणि कापडाचं टोक त्याच्या दातांत दिलं. "हे टोक दातात धर. सोडू नको, नाहीतर सगळं सुटतं."

त्याने धरलं.

कापडाला पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास होता. जामसिंग भोवती फिरत होता, ओढत होता, पीळ देत होता. प्रत्येक फेऱ्याला ते निळं बोट बाकीच्या बोटांपासून वेगळं, ताठ राहायचं. टोक सोडलं असतं तर बोलता आलं असतं. एवढंसं काम होतं, दात उघडायचे. सुकदेवच्या डोळ्यांसमोर खुंटी आली. तो दात आवळून उभा राहिला.

कानाजवळ येऊन जामसिंगने हळूच विचारलं, "दीपनगरला गोलकीपर कोण आहे, माहीत आहे का भाऊ?"

सुकदेवने नाही म्हणून मान हलवली.

"मान हलवू नको."

पुन्हा दोन फेरे झाले.

"पुढच्या वर्षी निघेल जागा, नाही का?" जामसिंगने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता शेमला सोडला, तुरा काढला, दोन्ही तळहातांनी फेटा वरून दाबला. "झालं. सोड आता."

सुकदेवने टोक सोडलं. आता तोंड मोकळं होतं. फोटोवाला जामसिंगला म्हणाला, ए, तू जरा बाजूला हो.

फोटो झाला. टाळ्या झाल्या. सुकदेव तसाच, फेट्यासकट, तायडेसाहेबांच्या खुर्चीजवळ गेला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, पायच तिकडे गेले. म्हणाला, साहेब, तो त्यांचा गोलकीपर...

"हो, पाहिला ना मी. वाघ आहे पोरगा," तायडेसाहेब कपबशी खाली ठेवत म्हणाले. "पण हरलेल्या टीमच्या पोराचं नाव घेऊन साहेबांपुढे कसा उभा राहू? मलाच विचारतील, एवढा चांगला तर जिंकला का नाही." आणि त्यांनी सुकदेवच्या पाठीवर थाप मारली. "तू सोमवारी ये."

सुकदेवला बरं वाटलं. आपण बोललो होतो. नाही असं नाही. हे तो गावी जाईपर्यंत एसटीत स्वतःला सांगत राहिला. फेटा बिघडेल म्हणून खिडकीला डोकंही टेकवलं नाही.

घरी वडिलांनी फेटा पाहिला आणि गिरणीतल्या दुसऱ्या खुंटीला पिठाची पिशवी अडकवली.

दीपनगरला त्याची नोकरी चांगली झाली. पाच-सहा सीझन खेळला, मग गुडघा गेला, मग स्टोअरमध्ये बसला. नट-बोल्ट, पट्टे, बेअरिंग. पुढच्या वर्षी खेळाडूची जागा निघाली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. जामसिंगचं काय झालं, हे त्याने रावेरच्या एका ड्रायव्हरला एकदा विचारलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, त्या नावाचे चार आहेत, तुमचा कोणता? सुकदेवला गावाचं नाव माहीत नव्हतं.

फेटा मात्र तसाच राहिला होता. इतका घट्ट, की डोक्यावरून काढला तरी टोपीसारखा अख्खा निघाला. क्वार्टरमध्ये कपाटावर, उलट्या पातेल्यावर घालून ठेवलेला. कॉलनीत वीज केंद्राची राख उडते, ती घड्यांत बसायची. येणारे-जाणारे विचारायचे. सुकदेव म्हणायचा, कॉलेजात असताना मिळाला होता. याच्या पुढचं तो कधी बोलला नाही. उलट पाहुण्यांना लवकर चहा आण, म्हणून आत ओरडायचा.

शहाण्णवच्या गणपतीच्या आधी, बायकोने, सुनंदाने, साफसफाई काढली. सुकदेव पहिली पाळी करून आला तेव्हा गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भगवं कापड वाळत होतं. धुतलेलं, मोकळं, सगळ्या चुण्या गेलेल्या.

"केवढी राख निघाली, तीन पाण्यांतून काढला," ती आतून म्हणाली. "तुम्ही बांधा परत, वाळला की."

तो डबा हातात घेऊन उभा राहिला. मग डबा खाली ठेवला. कापड दोरीवरून काढलं. स्वतःच्या गुडघ्यावर गुंडाळून पाहिलं, नंतर त्या पातेल्यावर. सुटायचं. पुन्हा केलं, पुन्हा सुटलं. सुनंदा दारात आली आणि म्हणाली, अहो, बाजारात तयार मिळतो आता, कशाला जीव काढता.

 ती आत गेल्यावर तो गॅलरीत ताठ उभा राहिला, कापड खांद्यावर घेतलं, आणि टोक दातात धरलं. आता कापडाला डांबरगोळ्यांचा वास नव्हता, साबणाचा होता. समोर मैदानात कॉलनीतली पोरं बॉल मारत होती.

मान न हलवता तो बराच वेळ तसा उभा होता.