हरकती : निरंक

मी जनतेसाठी ठेवलेली प्रत बोलतेय, एका नव्या कायद्याच्या मसुद्याची. माझ्या कपाळावर 'सर्वांना पाहण्यासाठी खुली' असा शिक्का आहे आणि मी राहते कुलपात. कपाटाची किल्ली कारकुनाच्या खिशात आणि कारकून चहाला.

आम्ही अकरा जणी एकाच दिवशी छापल्या गेलो. दहा जणी समितीच्या सभासदांकडे गेल्या, मी या खोलीत आले. कायदा फुटपाथवर धंदा करणाऱ्यांचा. तीस दिवसांत कुणीही यावं, मला वाचावं, पटलं नाही तर हरकत लिहून द्यावी, असा नियम. एकोणीस दिवस कुणी फिरकलं नाही.

विसाव्या दिवशी किल्लीवाली मावशी आली. पोस्टाच्या भिंतीला टेकून ती सतरा वर्षं किल्ल्या घासते. तिच्याआधी तिथं तिची सासू बसायची. जागेचा कागद म्हणाल तर चिटोरंही नाही.

तिनं चष्मा पुसला आणि ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलं. माझ्या नवव्या कलमात होतं, कागद नसेल तर शेजारच्या दोन दुकानदारांची साक्ष पुरे. ते तिनं दोनदा वाचलं.

"हरकत द्यायचीय?" कारकुनानं विचारलं.

"चांगलंच लिहिलंय की. हरकत कशाला घेऊ? आमची अख्खी लाइन घाबरलीय, त्यांनाही सांगते."

ती हसत गेली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण आठवड्यापूर्वीच समितीनं ती साक्षीची ओळ उडवली होती. नव्या प्रती सभासदांना पोचल्या. कपाटातली बदलायची राहिली. "बदलू सावकाश, एवढं कोण वाचतंय?" असं कारकून म्हणाल्याचं मी ऐकलं होतं. तेव्हा गप्प बसले. आता बोलतेय, वरातीमागून घोडं.

तीस दिवस संपले. वहीत नोंद झाली, 'हरकती : निरंक'. त्या एका शब्दावर सभागृहात भाषण झालं, जनतेचा पूर्ण पाठिंबा आहे म्हणून. कायदा मंजूर झाला आणि महिन्याभरात पोस्टाची भिंत मोकळी झाली.

काल मावशी परत आली. मला मागून घेतलं, नववं कलम काढलं, बोट ठेवलं. "हे बघा साहेब, आहे इथं."

"ती जुनी प्रत, मावशी."

"मग मला कशाला दिलीत?"

"तुम्ही मसुदा मागितलात. नवा की जुना, ते विचारायचं ना."

ती भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. "लाइनीतले सगळे मलाच बोलतात," ती म्हणाली, "म्हणतात, हिला धड वाचता येत नाही, हिच्या नादानं आपण बुडालो. एवढ्या पानाची झेरॉक्स तरी द्या. त्यांना दाखवते."

"रद्द कागदाची नक्कल मिळत नाही."

आता मी रद्दीच्या गठ्ठ्यात आहे, सकाळी गाडी येईल. त्या लाइनीतलं कुणी भेटलं तर माझा एवढा निरोप द्या. मावशीनं बरोबर वाचलं होतं. खोटी मी होते.