चकचकरावांचा चिमटा

कात्र्या-चिमटे बनवणाऱ्या त्या कारागिराला सगळे चकचकराव म्हणत. कात्री आरशासारखी लख्ख झाल्याशिवाय तो हातावेगळी करत नसे. "भाऊजींच्या कात्रीत बघून भांग पाडावा," असं त्याची वहिनी म्हणायची. म्हणायची, पण नाकातून. बारा वर्षं तिचं सायनस तुंबलेलं. कपाळ ठणकायचं, रात्र बसून काढायची, आणि दूध करपून कोळसा झालं तरी बाईला पत्ता नाही. आईमागे तिनेच ह्या दिराचं सगळं केलं होतं. तिचे हाल बघून त्याचा जीव तीळतीळ तुटायचा.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई दुर्बिणीतून ऑपरेशन करायला तयार होत्या. अडलं होतं ते कपाळामागच्या पोकळीत पोचणाऱ्या बाकदार चिमट्यापाशी. बाहेरून मागवायचा तर दवाखान्याच्या आवाक्याबाहेर. "तुम्ही स्वस्तात कराल का?" त्यांनी कारागिराला विचारलं. न करायला काय झालं? त्याने पंधरा दिवसांत नमुना पाठवला. नर्सचा फोन आला, "बाई म्हणाल्या, बाक अगदी बरोबर आहे. चिमटा फार चमकतो."

झालं, गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला. खरा चिमटा त्याने आणखी दोन दिवस घासला आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी स्वतः घेऊन गेला.

बाईंनी तो दुर्बिणीच्या दिव्याखाली धरला आणि डोळेच मिटले. "अहो, चमकतो ही माझी तक्रार होती. नाकात उजेड ह्याच्यावरून उलटा माझ्या डोळ्यात येतो. तिथे शेजारी डोळा आहे, वर मेंदू. आंधळेपणाने कसा घालू? उद्या जमलं नाही, तर तुमच्या वहिनींना पुढची तारीख सहा महिन्यांनी."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कौतुकाच्या हावेपायी आपणच वहिनीच्या वाटेत धोंडा ठेवला की. "संध्याकाळपर्यंत आणतो," एवढंच तो बोलला.

कारखान्यात त्याने चिमट्यावर बारीक वाळूचा फवारा मारला. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने आपल्या हाताने चकाकी घालवली. पाती राखाडी पडत गेली तसं त्याला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण हात थांबला नाही. संध्याकाळी बाईंनी चिमटा पुन्हा दिव्याखाली धरला, आणि ह्या वेळी डोळे उघडे ठेवून मान डोलावली.

ऑपरेशन नीट पार पडलं. वहिनी आडवी झोपू लागली, आवाज सुटला. वासाचं मात्र बाई म्हणाल्या, येईल तेव्हा येईल, खात्री नाही.

महिन्याभराने तो दुपारी कामावरून तसाच जेवायला आला. पाटावर बसतो न बसतो तोच वहिनीने नाकाला पदर लावला.

"भाऊजी, जरा लांब बसा."

"का हो?"

"तेल, घाम आणि वर तुमचं ते पॉलिश. एवढी वर्षं मी अशा माणसाला शेजारी बसवून वाढत होते?"

तो जागचा हलेना. मग तोंडावर हात ठेवून ढसाढसा रडायला लागला. वहिनी घाबरली. "अहो, चेष्टा केली. एवढं काय लावून घेता?"

"पुन्हा म्हणा, वहिनी," तो म्हणाला. "लांब बसा म्हणा."