टीव्हीकडे वळवलेला फोटो

टीव्हीवाले टोकियोहून तोयामाला आले, दोन तास बसले आणि मिसाओबाईंनी कापलेलं टरबूज संपवून गेले. मिसाओबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. महायुद्धात अमेरिकी विमानांनी तोयामावर आगीचे बॉम्ब टाकले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. थोरल्या बहिणीचा, फुसाएचा हात धरून त्या गावच्या जिंझू नदीत उतरल्या आणि पाण्यात कधीतरी तो हात सुटला. इतक्या वर्षांत हे पोटच्या मुलानेही विचारलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी त्यांनी पितरांच्या देव्हाऱ्यात फुसाएपुढे रोजच्यासारखी भाताची वाटी ठेवली, घंटी वाजवली आणि तिचा फोटो टीव्हीकडे वळवला. "बघ गं, आज तुझं नाव घेणार आहेत."

कसलं नाव न् कसलं काय! पडद्यावरच्या मिसाओबाई जेमतेम "हात सुटला" एवढं म्हणाल्या, आणि लगेच तो मेला अणुबॉम्बचा ढग वर चढला. ऑगस्ट आला की टीव्हीला तेवढाच आठवतो, जळालेलं गाव कुठलंही असो. नदी नाही, तोयामा नाही.

तेवढ्यात टोकियोहून सुनेचा फोन आला. ती रडत होती. "आई, तुम्ही तेव्हा हिरोशिमात होतात, आणि वीस वर्षांत एका शब्दाने बोलला नाहीत? रविवारी मुलींना घेऊन येतोय आम्ही."

मिसाओबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवार शोधला. "या," त्या म्हणाल्या. "टरबूज आणून ठेवते."

फोन ठेवून त्यांनी फोटो सरळ केला.

"रागावू नकोस गं, ताई. रविवारपुरत्या आपण हिरोशिमाच्या."