पोटावरचा वण

मुलुंडला शांताबाईंच्या घरी त्या रविवारी पुरणपोळ्या होत्या. अर्धी पोळी पोटात गेली आणि त्यांची सून उत्तरा ताटावरून उठून मोरीत भडाभडा ओकली. शांताबाईंचा चेहरा मात्र फुलला. "गोड बातमी दिसतेय गं!"

उत्तराने हसून वेळ मारून नेली. तसं काही नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. जेवलं की बेंबीच्या वर पीळ पडायचा. काही महिने हेच चाललं होतं.

लग्नाआधी ती लठ्ठ होती. बोरीवलीला तिला बघायला आलेली माणसं पोहे खाऊन जिना उतरता उतरता हसायची. शेवटी आईने, सुहासिनीने, तिचं बारीक होण्याचं ऑपरेशन करवलं. जठर लहान केलं, आतडं कापून वर जोडलं. वर्षभरात उत्तरा निम्मी झाली आणि चंद्रप्रकाशने पहिल्याच भेटीत होकार दिला. पोटावरचा वण अल्सरच्या ऑपरेशनचा, असं सासरी सांगितलं. "मरेपर्यंत हेच सांगायचं," आईने बजावलं होतं.

संध्याकाळी कळ थांबेना. नर्सिंग होममध्ये डॉक्टरांनी वण बघून विचारलं, "हे ऑपरेशन कसलं?"

निरोप मिळताच धावत आलेली सुहासिनी घाईने म्हणाली, "अल्सरचं."

अल्सरचंच दुखणं समजून डॉक्टरांनी रात्री इंजेक्शन दिलं. सकाळी पोट फुगून दगडासारखं लागत होतं, तरी आई कानाशी पुटपुटत होती, "थोडं सोस ना. संसार मोडेल गं."

"मी मरेन, आई," उत्तरा म्हणाली, आणि सासू-नवऱ्यादेखत तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं.

"त्या जोडापाशी आतडं अडकलं असणार. हे कालच सांगायचं!" डॉक्टर म्हणाले. लगेच पोट उघडलं. आतडं पीळ पडून काळं झालं होतं. बरंचसं कापून टाकावं लागलं. जीव वाचला, पण खाल्लेलं अंगी लागेल याची खात्री डॉक्टरही देईनात.

ती शुद्धीवर आली तेव्हा खाटेशी शांताबाई म्हणत होत्या, "आम्हाला फसवलंत!" सुहासिनी त्यांच्यापुढे हात जोडून उभी होती.

उत्तराने आईचे हात खाली ओढले. "अहो, इकडे बघा," ती नवऱ्याला म्हणाली. "मी होते तशीच समोर आले असते, तर होकार दिला असतात?"

चंद्रप्रकाशने मान वळवली.

"नसताच दिला," शांताबाई बोलून गेल्या.

"मग आई, मला बोरीवलीला ने. आणि विचारेल त्याला खरं काय ते सांगायचं. आपल्या सोसायटीत माझ्यासारख्या लठ्ठ मुली अजून आहेत."