बिननावाचं फुलपात्र

तेजसच्या फिल्मचा नायक जगात एकटा होता. आईबाप नाहीत, बायको नाही, लांबची मावशीसुद्धा नाही. पहिल्या दृश्यात तो रिकाम्या खोलीत फुलपात्रानं पाणी पितो आणि कॅमेरा हळूहळू त्या फुलपात्राच्या अगदी जवळ जातो. खोलीतल्या वस्तू जमवायचं काम अपेक्षाकडे होतं. चार वाजता रणजित सर मांडणी बघणार होते. ती पसंत पडली नाही, तर चाचणीपुरता दिलेला कॉलेजचा एकुलता एक धड कॅमेरा दुसऱ्या गटाला जाणार होता.

खाट मिळाली, बंद पडलेला टेबलफॅन मिळाला, उसवलेली उशी तर अपेक्षाची स्वतःचीच होती. अडलं ते फुलपात्रापाशी.

हडपसरला आईवडिलांच्या घरून तिनं पिशवीभर फुलपात्रं आणली. कॅमेऱ्यातून पाहिलं, तर एकावर मामा-मामींकडून सप्रेम भेट, दुसऱ्यावर आत्याचं सगळं कुटुंब, तिसऱ्यावर तर गल्लीतलं तरुण मंडळ.

"अगं, याला कोणी नाहीये," तेजस म्हणाला. "आणि तू पूर्ण मंडळ आणलंस."

मग ती भांड्यांच्या दुकानात गेली. दुकानदारानं आधी नाव काय घालू ते विचारलं. कुणाचंच नको म्हटल्यावर त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती घरातून पळून चालली आहे. शिवाय तिथून आणलेलं नवं फुलपात्र इतकं चकाकत होतं, की त्यात कॅमेरा, तेजस आणि ती अशी तिघंही स्वच्छ दिसत होती. एकट्या माणसाला एवढी गर्दी परवडणारी नव्हती.

तीन वाजता तिनं, कॉलेजसाठी ती सदाशिव पेठेत ज्यांच्याकडे भाड्यानं राहत होती त्या घरमालकीणबाईंची, आनंदीबाईंची बेल वाजवली.

"बिननावाचं भांडं?" आनंदीबाई म्हणाल्या. "आमच्याकडे माणसं आहेत."

तरी त्या आत गेल्या आणि एक पोचे पडलेलं, काळवंडलेलं फुलपात्र घेऊन आल्या. त्यावर 'सौ. गोदाबाई' होतं. ही कोण, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. बत्तीस वर्षांपूर्वी कुठल्याशा लग्नात त्यांचं फुलपात्र गेलं आणि हिचं आलं.

"संध्याकाळी परत आण. ती मागायला आली, तर काय सांगू?"

चार वाजता सरांनी खाटेकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, आणि कॅमेऱ्याला डोळा लावला.

"गोदाबाई कोण?"

तेजसनं इंग्रजीत काहीतरी सुरू केलं. अपेक्षानं त्याला थांबवलं. "कुणालाच माहीत नाही, सर. आपल्या नायकालाही नाही. लग्नात बदललेलं असेल."

सरांनी पुन्हा एकदा कॅमेऱ्यातून पाहिलं.

"म्हणजे कधीकाळी याला कुणीतरी लग्नाला बोलावलं होतं," ते म्हणाले, आणि कॅमेऱ्याच्या अर्जावर सही केली.

संध्याकाळी अपेक्षानं फुलपात्र घासून परत केलं. आनंदीबाईंनी उलटंसुलटं करून नाव तपासलं आणि हाताशी असावं म्हणून फळीवर पुढंच ठेवलं.

"आल्या होत्या का गोदाबाई?" अपेक्षानं विचारलं.

"आज नाही," आनंदीबाई म्हणाल्या.