बिनविरोध भाग्येश

भाग्येशची निवड बिनविरोध झाली, आणि त्या बातमीने सारंगखेड्यात एकच माणूस रडकुंडीला आला. तो म्हणजे खुद्द भाग्येश.

त्याने बनवलेला कळफलक फुकट होता. मोबाइलवर टाकला की अहिराणी, भिली, पावरी लिहिताना पुढचे शब्द सुचवायचा. कोड सगळ्यांना उघडा. मालक कोणी नाही, सुधारणा कोणीही धाडावी. फक्त आलेली सुधारणा आत घ्यायची की नाही, हा शेवटचा हक्क भाग्येशकडे. शहाद्याच्या कॉलेजात शिकवून यायचं, ताटाशेजारी लॅपटॉप उघडायचा आणि अनोळखी लोकांची बोलणी खात बसायचं, यात कैक वर्षं गेली. डोळ्यांची आग व्हायची. बायको शीला हल्ली भांडायचीसुद्धा नाही, नुसतं ताट झाकून ठेवायची. शेवटी त्याने कळफलकावर काम करणाऱ्यांच्या गटावर लिहिलं, ‘मी थकलो. नवा प्रमुख निवडा.’

रविवारी दुपारी ऑनलाइन सभा भरली. कोणी उभंच राहिलं नाही. ‘भाऊंशिवाय आहे कोण?’ असं एकाने लिहिलं, बाकीच्यांनी टाळ्यांची चित्रं धाडली, आटोपली निवडणूक. आपल्याकडे बिनविरोध म्हणजे केवढा मान! भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं बिचाऱ्याला.

“गुलाल लयी येऊ का?” शीलाने दारातून विचारलं.

“बठ्ठाज कामचुकार शेतस,” अख्ख्या गटावर चिडून भाग्येश कपाळ दाबत म्हणाला.

तेवढ्यात दामिनीचा फोन आला. ही मूळची तोरणमाळची, नाशिकला नोकरी करणारी. पावरीचे बहुतेक शब्द तिनेच गोळा केलेले.

“दादा, मला उभं राहायचं होतं.”

“मग राहिली का नाहीस?”

“मी काही धाडलं की तुम्ही लिहिता, ‘चांगलं आहे, पण पुन्हा बघा.’ मी पुन्हा बघेपर्यंत तुम्हीच सगळं बदललेलं असतं. प्रमुख झाले तरी तेच होणार. मग उभं राहून काय करायचं?”

काम बिघडलं असतं तर, असं त्याच्या अगदी ओठावर आलं. पण पोरगी खोटं बोलत नव्हती, आणि ते त्याला फार लागलं. फोन ठेवून तो ओसरीवर आला.

ओसरीत खाटेवर त्याचे वडील, सुपडूआप्पा, पडले होते. तापीवरून शेतांना पाणी देणाऱ्या संस्थेचे ते जुने चेअरमन. दर वेळी बिनविरोध. पंपघराची चावी तेव्हापासून त्यांच्या करदोड्याला. आता संस्थेत नवी माणसं होती, पंपघराला नवं कुलूप होतं, आणि चावी तिथेच लोंबत होती. घरात कोणी तो विषय काढत नसे. आज भाग्येशने काढला.

“आप्पा, नवा चेअरमनले चावी दिधी नही का तुम्ही?”

“दिधीच नही. पोरं मोटर जाळी टाकतीन, म्हणीसन ठेवी लिधी.” आप्पांनी कूस बदलली. “मंग त्यासनी कुलूप तोडं.”

“मोटर जयनी का मंग?”

आप्पांनी करदोड्याची चावी चाचपली.

“नही. चाली ऱ्हायनी.”

भाग्येश आत गेला. गटावर दामिनीचं नाव सुचवलं. लोकांनी पुन्हा टाळ्या धाडल्या. मग त्याने हक्क तिच्या नावावर केला आणि आपला काढून टाकला. काम एवढंसं. आता तरी मोकळं वाटेल म्हणून तो बसून राहिला. तसं काही वाटलं नाही.

दिवेलागणीला मोबाइल वाजला. पावरी शब्दांत त्याने स्वतः केलेली एक दुरुस्ती रांगेत पडून होती. दामिनीने ती परत पाठवली होती. ‘चांगलं आहे दादा, पण पुन्हा बघा. आमच्या घरी असं बोलत नाहीत.’

त्याला संताप आला. अंगाचा तिळपापड झाला म्हणा ना! त्याने लांबलचक उत्तर लिहिलं, मग सवयीने मंजुरीचं बटण शोधलं. ते नव्हतंच. हे वाक्य आपण किती जणांना धाडलं असेल, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याने लिहिलेलं सगळं पुसून टाकलं.

“काय व्हयनं?” शीलाने विचारलं.

“मन्हं काम परत धाडं तिनी.”

शीलाने त्याच्यापुढे ताट मांडलं. मग खूप दिवसांनी हसली.

“मंग जेवी ल्या आते,” ती म्हणाली. “भाकर गरम शे.”